रोशनी बाजूनं मारावी

परळीत मन्मथअप्पांची कळ काढायची असेल तर एक वाक्य पुरत असे. त्यांच्या स्टुडिओच्या पायरीवर उभं राहायचं आणि विचारायचं, "काय अप्पा, आज काय दिवे लावले?"

दुसरा कुणी चिडला असता. अप्पा हातातल्या लेन्सवरून नजर न काढता म्हणायचे, "दोन छत्रीतले लावले, एक पाठीमागचा लावला. तुझ्या डोक्यातला तेवढा राहिलाय बे. ये आत."

आता त्या जागी मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. परवा माझा फोन फुटला म्हणून गेलो होतो. अप्पांचा निळा पडदा जिथं असायचा तिथं फोनची कव्हरं टांगलेली होती. दुकानदार म्हणाला, "अर्धा तास लागंल सर, बसा." मी बसलो. त्या अर्ध्या तासात जे आठवलं ते आज लिहून काढतो आहे. लिहून काही उपयोग नाही, हे माहीत आहे तरी.

अप्पा लिंगायत वाण्यांच्या घरातले. भाऊबंदांची किराणा-भुसाराची दुकानं. ह्यांनी तराजू सोडून कॅमेरा धरला, म्हणून साठी आली तरी घरच्या कार्यात चुलते त्यांची ओळख 'आमच्यातला तो फोटोवाला' अशी करून द्यायचे. बुटकी मूर्ती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत चांदीच्या चौकीतलं इष्टलिंग आणि वरच्या खिशात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. त्या तुकड्यानं ते लेन्स पुसत आणि गिऱ्हाइकाचं लेकरू रडलं तर त्याचं नाकही पुसत. तुकडे दोन असायचे, पण कुठला कशाचा हे त्यांनाच ठाऊक.

फ्लॅश, लाइट हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. ते म्हणायचे 'रोशनी'. निजामाच्या वेळचा त्यांच्या उस्तादाचा शब्द. "रोशनी समोरून मारली की माणूस चोरावानी दिसतो. रोशनी बाजूनं मारावी," हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. मी तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. कॉलेज सुटलं की चहा त्यांच्या बाकड्यावर, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

परळीत थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, राखेबद्दल प्रत्येकाची काही ना काही तक्रार असते. अप्पांना तिच्यातही धडा सापडला होता. एकदा आम्ही त्यांच्या स्कूटरवरून एका लग्नाहून येत होतो, तिन्हीसांजेला. पुढं राखेचा टँकर होता. अप्पांनी हेडलाइट लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. त्यांनी दिवा बंद केला. भिंत गेली, टँकर दिसायला लागला. "बघितलंत का सर? राख व्हतीच. आपल्या रोशनीनं ती वर काढली." मी मागं बसून जीव मुठीत धरला होता, त्यामुळं हा धडा मला तेव्हा फारसा भावला नाही.

बाजार समितीची निवडणूक झाली तेव्हाची मिरवणूकही आठवते. गुलालानं आभाळ लाल झालेलं. नव्या पोरांनी कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवून धडाधड फोटो काढले. अप्पा एका जीपच्या बोनेटवर चढले, कॅमेरा उजव्या हातात, आणि फ्लॅश डाव्या हातात धरून तो हात लांब, पार बाजूला ताणलेला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पोरांच्या फोटोंत विजयी उमेदवाराच्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके आणि अप्पांच्या फोटोत चेहरा लख्ख. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "गुलाल कॅमेऱ्याच्या नाकापुढंच उडत आसतो. रोशनी तितूनच निघाली की पयले त्यालाच लागती अन् माघारी येती. हात लांब केला की ती त्याला चुकवून माणसापस्तोर जाती." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. आम्हा मास्तर लोकांची ही खोडच आहे. ऐकलेलं विसरतो, वाचलेलं तेवढं धरून बसतो.

फोटो काढताना ते 'हसा' असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "डोळे." एवढंच. ओठ कसे का असेनात, डोळे आले की फोटो आला. या डोळ्यांपायी त्यांचं नाव आजूबाजूच्या खेड्यांत वेगळ्याच कामासाठी झालं होतं. पूर्वी कित्येक घरांत म्हातारं माणूस जायचं आणि त्याचा एकही फोटो नसायचा. मग अप्पांना बोलावत. ते मेलेल्या माणसाचा फोटो काढायचे आणि त्याच्यावर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवून द्यायचे, पुढं पुढं काँप्युटरवर. घरचे लोक तो फोटो बघून म्हणायचे, अगदी आमचा बा बसलाय. ह्या कामाला ते नाही म्हणत नसत, पण काम झालं की त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेत नसत.

आणि ह्या माणसाच्या बायकोचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता.

महानंदावहिनी आष्टीकडच्या. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ. चार बायकांत उभ्या असल्या तर आधी त्यांचा आवाज कळायचा. पण कॅमेरा समोर आला की पापण्या खाली. फ्लॅश असो नसो, मोबाइल असो, लेकीच्या लग्नातला व्हिडिओ असो, कॅमेरा वर झालेला दिसला की डोळे मिटलेच. "म्या काय मुद्दाम करतीया का? आपोआप व्हतंय ते," असं म्हणून त्या उठून जायच्या. अप्पांनी सगळे उपाय केले. एक सोडून, चोरून फोटो काढला नाही. "चोरून काढलेली तसबीर म्हंजे चोरीचाच माल," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "अप्पा, एवढ्यांना डोळे लावून देता, वहिनींना लावा की."

ते पटकन म्हणाले, "जित्या माणसाला उसने डोळे लावू न्हाई सर."

मग त्यांनी मला विहिरीची गोष्ट सांगितली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते सासुरवाडीला गेले होते. विहिरीत कळशी पडली. पुरुषमाणसं गळ शोधत होती, तेवढ्यात वहिनींनी कासोटा घातला आणि काठावरून सरळ खाली. माहेरी पाण्यात पडलेली भांडी काढायचं काम लहानपणापासून त्यांचंच होतं. अप्पा पायरीवर वाकून बघत होते. दिवाळीनंतरचं निवळशंख पाणी. हातभर खाली बायकोचा चेहरा वर येताना दिसला आणि डोळे टक्क उघडे. "पाण्यात तिला बाहेरचं समदं धूसर दिसत आसतंय सर. कॅमेरा हाय का कोण हाय, तिला काय ठावं? मंग ती डोळे कावून मिटंल?" हे सांगताना अप्पा बाकड्यावरून उठून उभे राहिले होते. त्यांना तो एक फोटो काढायचा होता. बाकी आयुष्यात जे काढले ते लोकांसाठी होते.

साठीच्या आसपास हा ध्यास त्यांनी फारच मनावर घेतला. आधी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून विहिरीत नेला. आला तो हिरवा काळोख आणि त्यात एक पांढुरका डाग. वहिनी म्हणाल्या, "जितेपणीच हडळ केली की हो मला." मग पुण्याच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून त्यांनी पाण्यात न्यायच्या पेटीसकट एक जुना कॅमेरा आणला. पेटीला खाली एक पट्टी आणि दोन बाजूंना दोन मुठी होत्या. राहिली ती रोशनी. विहिरीत दहा फुटांखाली ऊन पोचत नाही, आणि जे पोचतं ते चेहऱ्याचा रंगच काढून घेतं. पाण्यात चालणारे वेगळे फ्लॅश मिळतात, त्यांच्या शेकडो तऱ्हा आहेत, आणि त्यांची सगळी माहिती इंग्रजीत.

"सर, तुमी वाचून सांगा. तुमी म्हणताल तो घेऊ," अप्पा म्हणाले. माझी छाती फुगली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दर रविवारी मी कॉलेजातून कागद छापून न्यायचो. शाई वाचावी म्हणून चित्रं वगळून नुसता मजकूर. अप्पांच्या घरी ओसरीवर बसून मी वाचायचो, मराठीत सांगायचो आणि अप्पा वहीच्या पाठीमागे खुणा करायचे. एक फ्लॅश उडाल्यावर दुसरा किती सेकंदांनी उडतो, हा मोठा मुद्दा होता, कारण वहिनी एका दमात किती वेळ खाली राहतील त्यावर फोटो ठरणार. मग तिथंच परीक्षा. वहिनी खाटेवर बसून नाक धरत, अप्पा घड्याळ बघत. तिशीच्या पुढं गेलं की वहिनींना हसू फुटायचं. "पाण्यात आस्तिया तवा हसू येत न्हाई, तुमची तोंडं बघून येतंय," त्या म्हणायच्या. कवडसा टोकदार नको, पसरट हवा. रंग निळसर नको, जरा हळदीकडं झुकणारा हवा, म्हणजे हिरव्या पाण्यात कातडी जिवंत दिसेल. एक नको, दोन हवेत, नाहीतर अर्धा चेहरा अंधारात. अप्पांना हे सगळं अर्ध्या वाक्यात कळायचं. मला ते कळायला दोन-दोन पानं लागायची, पण शिकवणारा मी होतो.

पहिला हिवाळा माझ्यामुळं गेला. निवड जवळजवळ झाली होती. तेवढ्यात मी कुठंतरी वाचलं की त्याच बनावटीचा नवा फ्लॅश दोन महिन्यांत येणार आहे आणि तो आणखी लवकर भरतो. मी म्हटलं, थांबू. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "संक्रांतीनंतर पाणी खाली जातंय सर. अन् पावसाळ्यात गढूळ. दिवाळी ते संक्रांत, तेवढीच फुरसत हाय पाण्याला."

"अहो अप्पा, एवढी वर्षं थांबलात, दोन महिन्यांनी काय होतंय?"

नवा फ्लॅश आला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि आष्टीकडं पाण्याचे टँकर सुरू झाले होते. अप्पांनी कागद वहीत घालून ठेवले. वहिनी मात्र मला म्हणाल्या, "सर, तुमी भाजी घ्यायला गेल्यावर तुमच्या घरच्या उपाशीच राहत आस्तील." माझी बायको त्यावर फार हसली.

पुढल्या पावसाळ्यात दोन फ्लॅश घ्यायचं पक्कं झालं. शेवटचा कागद मी वाचून दाखवत होतो. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की 'आर्म्स' वेगळे घ्यावे लागतील. मी सांगितलं, "हात वेगळे विकत मिळतात म्हणे. म्हणजे धरायच्या मुठी. आपल्या पेटीला मुठी आहेतच."

अप्पांचा पेन थांबला. "मुठी? का रोशनी लांब धरायचे हात?"

"मुठीच हो."

"न्हाई, मी मोबाइलवर बघितलंय. समुद्रातली माणसं फोटो काढत्यात, त्यांच्या पेटीला असे लांब लांब हात आस्त्यात, खेकड्यावानी. टोकाला रोशनी."

आता मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' एवढं म्हणायला काय जात होतं? पण वर्गात उभं राहून राहून ते वाक्य माझ्या जिभेवरून कधीच पुसलं गेलं होतं. मी म्हणालो, "अप्पा, ते समुद्राचं झालं. तिथं मोठमोठे मासे, लांबलांबचे फोटो. आपली विहीर केवढी? आणि इथं इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय."

इंग्रजीत स्पष्ट काहीच लिहिलं नव्हतं. एक शब्द होता, त्याचा अर्थ मी लावला होता. अप्पांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "आसंल. तुमी वाचलंय."

दिवाळीनंतर आठवड्याभरानं आम्ही आष्टीकडं निघालो, पहाटेच्या गाडीनं. वहिनींचा भाऊ काशिनाथ विहिरीवर हजर होता. पाण्यात माणसं असताना कुणी चालू करू नये म्हणून त्यानं पंपाच्या मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवला होता आणि दर पाच मिनिटांनी खिसा चाचपून बघत होता. वहिनींनी जुन्या लुगड्याचा कासोटा घातला. सत्तावन्न वर्षांची बाई पायऱ्या उतरताना माहेरच्या पोरीसारखी दोन-दोन पायऱ्या टाकत होती. अप्पांनी लिंगाची चौकी कापडात गुंडाळून छातीला घट्ट बांधली, डोळ्यांना पाण्यातला चष्मा लावला आणि मोटारीच्या पाइपला पायांचा विळखा घालून खाली गेले. फ्लॅश मुठींवरच आवळले होते, लेन्सच्या दोन बाजूंना वीतभर अंतरावर.

वहिनी सात वेळा बुडी मारून आल्या. प्रत्येक वेळी पाण्याखाली तीन-चार वेळा पांढरं लखलखायचं आणि विहिरीचे दगड उजळायचे. आठव्या वेळी त्यांनी तळाची मूठभर माती वर आणली आणि भावाच्या पायावर टाकली. "तळ काढला बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

अप्पा वर आले. पायरीवर बसून त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढं ढकलला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. चेहरा होता. केस पाण्यात वर उचललेले होते, रंग हळदीचा होता, आणि डोळे उघडे होते, टक्क, सरळ आपल्याकडं बघणारे. आणि त्या सगळ्यावर पांढरे ठिपके. शेकडो. डोळ्याला निवळशंख दिसणाऱ्या पाण्यात जो बारीक गाळ तरंगत होता, त्याचा कण न कण आमच्या रोशनीनं उजळून वर काढला होता. मिरवणुकीतल्या उमेदवाराचं तोंड मला तेव्हा आठवलं. त्याआधी आठवायला हवं होतं.

वहिनींनी ओल्या हातानं पदर पिळत पडद्यात डोकावलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "अक्षता पडल्यावानी दिसतंय की."

"गाळ हाय त्यो," अप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. डोळे तर आले?"

"आले."

"मंग झालं तर." आणि त्या चुलीपाशी भाकरी करणाऱ्या भावजयीला हाका मारत पायऱ्या चढून गेल्या. त्यांच्या लेखी फोटो निघाला होता. अप्पांच्या लेखी नव्हता. त्यांनी पेटी पुसून पिशवीत भरली. परतीच्या वाटेवर मी पोरांच्या परीक्षांबद्दल बोलत राहिलो.

घरी आल्यावर मी गुपचूप फोनवर त्या शब्दाची चित्रं बघितली. आर्म्स म्हणजे सांध्यांचे लांब दांडे. रोशनी लांब, बाजूला धरायचे. अप्पांनी ज्याला खेकडा म्हटलं होतं, तेच. ते मागवायला हवेत एवढंच मी त्यांना सांगितलं, जणू काही नवीन माहिती हाती आली होती. ते म्हणाले, "मागवा." दांडे पोचेपर्यंत संक्रांत होऊन गेली. काशिनाथचा फोन आला की पाणी तळाला गेलंय. वहिनी म्हणाल्या, "पळून चाललीया का विहीर? पुढल्या साली काढू."

त्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी अप्पांच्या पूजेची तयारी करून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला धरून खाली बसल्या. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा न्यायचं काही उरलं नव्हतं. समाधी दिली तेव्हा अप्पा माती लोटताना एकेक ढेकूळ हातानं फोडून टाकत होते.

तिसऱ्या दिवशी फोटोचा प्रश्न निघाला. भिंतीवर लावायला एक फोटो हवा. लातूरला दिलेली लेक उमा तिथंच होती. तिनं विहिरीतला फोटो बघितला आणि म्हणाली, "अप्पा, हाच लावू. तेवढे पांढरे ठिपके तुम्ही काढून टाका. तुम्हाला काय अवघड आहे?"

अप्पांनी तो फोटो काँप्युटरवर मोठा केला. गालावरचे, कपाळावरचे ठिपके त्यांनी खरंच काढले, माझ्यादेखत. मग हात थांबला. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवर एकेक मोठा कण बसला होता. "हे पुसलं तर खालचा डोळा मला काढावा लागंल," ते म्हणाले. "माझ्या हातचा. मंग तिचा काय राहिला?"

"लोकांच्या आईबापांना तुम्ही डोळे काढून दिलेतच ना!" उमा रडत ओरडली.

"लोकायचे डोळे मी बघितले नव्हते, उमा." त्यांनी काँप्युटर बंद केला. भिंतीवर उमाच्या लग्नातला फोटो लागला, डोळे मिटलेला. भेटायला येणारे लोक त्याला हात जोडायचे आणि बाहेर पडताना कुजबुजायचे, फोटोवाल्याच्या घरी असा फोटो? मी ते ऐकायचो आणि खाली मान घालून चहा प्यायचो. खरं कारण त्या घरात बसून चहा पीत होतं, हे त्यांना कोण सांगणार?

पुढं अप्पांनी स्टुडिओ बंद केला आणि ते लेकीकडं लातूरला गेले. फोनवर बोलणं होतं, पण त्यात दम नसतो. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या आधी, वहिनी गेल्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. "चला सर. पाणी निवळलंय."

मी चपला घातल्या. आम्ही गेलो. काशिनाथनं फ्यूज काढून खिशात ठेवला. अप्पांनी पिशवीतून ते लांब दांडे काढले, पेटीला जोडले, टोकांना फ्लॅश आवळले आणि हात दोन्हीकडं फाकवून बघितले. पायरीवर ते यंत्र खरंच खेकड्यासारखं दिसत होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अप्पा, मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी ठोकून दिलं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासूनच. रोशनी लांब धरावी लागती, हे मला कोण सांगायचं सर? जिंदगी गेली त्याच्यात."

"मग बोलला का नाहीत?"

अप्पा चष्म्याची काच धोतराच्या तुकड्यानं पुसत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बोललो व्हतो की. तुमी म्हणलात, इंग्रजीत हाय. मी म्हणलं, मंग आपलंच काय तरी चुकत आसंल."

ते पाण्यात उतरले. पाइपला पाय अडकवले आणि खाली गेले. मी पायरीवर बसून होतो. विहिरीत एकदाच लख्ख झालं. पहिल्यासारखा पांढरा भपका नव्हता, दोन्ही बाजूंनी आत येणारा मऊ उजेड होता. समोरच्या भिंतीचे दगड, त्यांच्या सांध्यातलं शेवाळ, सगळं क्षणभर दिसलं आणि गेलं.

ते वर आले, पायरीवर बसले आणि पडदा माझ्यापुढं धरला. "बघा. कण न्हाई."

खरंच नव्हता. हिरवं, स्वच्छ पाणी पार तळापर्यंत. डाव्या कोपऱ्यात एक पायरी. रोशनी मधोमध नेमकी पडली होती, हातभर अंतरावर, जिथं माणसाचा चेहरा यायला हवा तिथं. तिथं काहीच नव्हतं.

"सर," अप्पांनी विचारलं, "ठिऊ का पुसू?"

आयुष्यभर मी त्या माणसाला न विचारता सल्ले दिले. त्या दिवशी त्यांनी विचारला आणि मी पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो. अप्पांनी वाट बघितली, अगदी मी काही सांगेन याची खात्री असल्यासारखी. मग स्वतःच्या अंगठ्यानं त्यांनी तो फोटो पुसला.